कॅचर हॉज यांची मेजर लीगमधली कारकीर्द

१ जानेवारी १९८६, सकाळी ११. सान पेद्रो दे माकोरीस.
नवी वही. ही फक्त माझ्यासाठी. कुणाला वाचून दाखवायची नाही.

वय तीस. अमेरिकेत बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये अकरा वर्षं झाली. मायनर म्हणजे खालच्या पायऱ्या. मी आता सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. पुढे दार, दारापलीकडे मेजर लीग. गेल्या वर्षी बॅटिंगची सरासरी २१४. म्हणजे हजार संधींना दोनशे चौदा हिट. चांगल्या बॅटरचे दोनशे ऐंशी होतात. पण कॅचरची किंमत सरासरीवर करायची नसते. मैदानावर आपले नऊ जण. आठ जण एका दिशेला तोंड करून उभे. एकटा कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा, त्या आठांकडे तोंड करून. सगळा खेळ त्यालाच समोर दिसतो. मांड्यांच्या मध्ये बोटं धरून तोच पिचरला सांगतो काय टाकायचं. एक बोट, सरळ आणि जोरात. दोन बोटं, वळणारा कर्व्ह. तीन बोटं, हळू. डोकं कॅचरचं, हात पिचरचा. टाळ्या हाताला.

आजोबा अँटिग्वाहून इथे डॉमिनिकन मळ्यांवर ऊस तोडायला आले. सुट्टीच्या दिवशी क्रिकेट खेळायचे. विकेटकीपर. उकिडवं बसणं आमच्या रक्तातच आहे. बायको ओनेलिया म्हणते, रक्तात नाही, गुडघ्यात आहे.

संकल्प: वजन सहा किलो कमी. इंग्रजीच्या पुस्तकाचं रोज एक पान. कर्व्ह बॉलच्या नादी लागायचं नाही. रोजनिशी रोज.

ओनेलियाला सांगितलं, हे वर्ष शेवटचं, या वर्षी मेजर लीग नक्की. ती बहिणीच्या केसांना रोलर लावत होती. म्हणाली, हेच गेल्या वर्षी म्हणालास. मी म्हटलं, गेल्या वर्षी आशा होती, या वर्षी खात्री आहे. ती बहिणीला म्हणाली, मान सरळ धर गं.

९ जानेवारी.
मधले दिवस राहिले. तीन राजांचा सण आला, सासूबाईंनी डुक्कर भाजलं, नाही कसं म्हणणार. वजन एक किलो वाढलं. स्नायूंचं असणार.

इथल्या हिवाळी लीगमध्ये मी तिसरा कॅचर. पहिला खेळतो, दुसरा राखीव, तिसरा डोकं वापरतो. बाकावरून खेळ जास्त समजतो.

इंग्रजी: पान दोन.

२६ जानेवारी.
हंगाम संपला. खेळलो चार मॅच. नाक्यावरच्या किराणा दुकानात तोन्यो म्हणाला, अरे हॉज, तुला टीममध्ये ठेवलंय की टीमच्या सामानात? सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या माणसाने हसायचं असतं.

४ मार्च. फ्लोरिडा, कॅम्प.
नवा कॅचर आलाय. ट्रॅव्हिस लूमिस, ओक्लाहोमाचा, वय एकवीस. खांदे बैलासारखे, डोक्यात हवा असावी. पहिल्याच दिवशी माझ्याकडे आला आणि मला ‘सर’ म्हणाला. याला हरवायला वेळ लागणार नाही.

११ मार्च.
लूमिसने आज कुंपणापलीकडे तीन बॉल मारले. कुंपण जवळ आहे.

२ एप्रिल. टोपीका, कॅन्सस.
मायनरच्या वरच्या पायरीवरच ठेवलंय. लूमिसलाही. मॅनेजर क्राउस म्हणाले, हॉज, तू या मुलाकडे बघ, त्याला शिकव. किती विश्वास! ज्याला वर न्यायचं असतं त्याच्यावरच असली जबाबदारी टाकतात.

खोलीत जोडीला चेलो उर्दानेता, माराकाइबोचा डावखुरा पिचर. स्वयंपाक बरा करतो. अर्धा वेळ त्याच्या मक्याच्या भाकऱ्या, अर्धा वेळ माझी केळी कुस्करलेली. तो म्हणाला, अरे भाऊ, क्राउसने तुला जबाबदारी नाही दिली, मास्तर केलंय. चेलो चांगला आहे, पण पिचर. त्यांना पुढचं दिसत नाही.

१५ मे.
सरासरी १८७. कारणं: (१) वारा. (२) नव्या बॅटचा दांडा जाड. (३) रात्रीच्या मॅचचे दिवे. मी मात्र दिवसाच्याच मॅच खेळतो. रात्री लूमिस खेळतो, दुसऱ्या दिवशी दुपारी तो दमलेला असतो, तेव्हा मी. तरी दिव्यांचा परिणाम डोळ्यांवर राहतोच.

इंग्रजी: पान चार. हॉटेलात खोली मागणे. उपयोगी नाही, खोली टीम देते.

३० मे.
लूमिसला आज बेस चोरणाऱ्याला, म्हणजे पिचर बॉल टाकतानाच पुढच्या टप्प्यावर पळणाऱ्याला, कसं पकडायचं ते दाखवलं. पायाची चाल, कोपराचा कोन, सगळं. संध्याकाळी त्याने तिघांना पकडलं. मला येऊन म्हणाला, सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. मी म्हटलं, अजून वेळ लागेल तुला. तो म्हणाला, हो सर. पोरगा गुणी आहे. वाईट वाटतं, कारण वर जागा एकच आहे आणि ती माझी.

८ जुलै.
ओनेलियाचं पत्र. तिच्या सलूनमध्ये दुसरी खुर्ची घेतली. आईला बीपी. शेवटी लिहिलंय: माझा मामेभाऊ सांगत होता की अमेरिकन लोक इथे पोरांसाठी शिबिर काढताहेत, कॅचर शिकवायला माणूस हवाय, रोज घरी जेवायला येता येईल.

उत्तर लिहिलं. प्रेमाने, पण ठाम. म्हटलं, शिकवतात ते, ज्यांचं संपलेलं असतं.

मग लूमिसला बॉल अडवायला शिकवायला गेलो. उशीर झाला होता.

१९ जुलै, सकाळी १०.
बोलावणं आलं. मेजर लीग!!

जसं घडलं तसं लिहितो. क्राउसनी खोलीत बोलावलं. म्हणाले, वरच्या टीमच्या राखीव कॅचरचा अंगठा मोडला, आज दुपारच्या विमानाने निघ. मी विचारलं, मी? ते म्हणाले, लूमिसला कांजिण्या झाल्यात.

कांजिण्यांचा यात काही संबंध नाही. योगायोग.

चेलोने मला उचलायचा प्रयत्न केला, पाठ धरली त्याची. मग डोळे पुसत म्हणाला, जा रे म्हाताऱ्या, आमच्या सगळ्यांच्या वाटचं खेळून ये. लूमिसच्या दाराबाहेर उभा राहिलो, आत जायची बंदी. तो आतून ओरडला, अभिनंदन सर, तुमचा हक्कच आहे! अंगभर पुरळ, तरी बोलला. आवाज बसला होता.

तोन्योच्या दुकानात फोन केला. त्याने ओनेलियाला बोलावून आणलं. मागे सगळा नाका गोळा झालेला ऐकू येत होता. मी म्हटलं, ओनेलिया, वर चाललो. तिने मागच्यांना गप्प केलं. मग विचारलं, कुणाला काय झालं? मी म्हटलं, कुणाला कशाला काय व्हायला हवं? ती म्हणाली, बरं बरं. किती दिवस? मी म्हटलं, आता कायमचंच. मग ती म्हणाली, नीट खा, आणि टोपी सरळ घाल, फोटोत तू नेहमी वाकडी घालतोस.

२० जुलै. वरची टीम.
शर्टावर नाव शिवून तयार होतं. ‘हॉजेस’. एक अक्षर जास्तीचं. मॅनेजर हॅनलन हात मिळवून म्हणाले, वेलकम, हॉजेस. दुरुस्त केलं नाही. पहिल्याच दिवशी हुज्जत नको.

कपाट लाकडी. टॉवेल किती हवे तेवढे. माझ्या शेजारच्या कपाटात ज्याचं चित्र घरी न्हाव्याच्या दुकानात लागलंय तो. ‘हाय’ म्हणाला. मीही ‘हाय’ म्हणालो. इंग्रजीची पानं वाया गेली नाहीत.

२२ जुलै.
अजून खेळवलं नाही. तयारीला वेळ देताहेत. मैदानाच्या कडेला पिचर लोकांना गरम करतो, म्हणजे त्यांचे सरावाचे बॉल पकडतो, दिवसाला दोनशे. सगळे पकडतो. कोणी मोजत नाही, मी मोजतो.

२५ जुलै.
नाही खेळलो. हॅनलन आज माझ्याकडे बघून हसले. खरं तर माझ्या मागे कोणीतरी होतं, पण हसताना मी त्यांच्या नजरेत होतोच.

घरी फोन. ओनेलियाने विचारलं, खेळलास? म्हटलं, जवळजवळ. ती म्हणाली, इथे तोन्यो रोज रेडिओ लावतो, पण तुमच्या टीमची मॅच कधी लागतच नाही.

२७ जुलै, रविवार, संध्याकाळी ७.
खेळलो.

सगळं लिहून ठेवतो म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको. दुपारची मॅच, परक्या मैदानावर. बरोबरीत अडकली, दहा डाव झाले तरी फळ्यावर तीन-तीन. आमच्या पहिल्या कॅचरच्या जागी हॅनलननी दुसरा बॅटर घातला, तो आऊट झाला, मग कॅचर कोण? बाकावर मी एकटाच. हॅनलननी बाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग परत या टोकापर्यंत. म्हणाले, हॉजेस.

अकराव्याचा खालचा अर्धा, म्हणजे त्यांची बॅटिंग, कॅच केला. तीन बॅटर, तिघे आऊट. एकही बॉल सुटला नाही. मी मोजले, एकही नाही.

बाराव्यात माझी बॅटिंग. ध्वनिक्षेपकावर नाव. चाळीस हजार माणसं. तिथपर्यंत चालत जाताना गुडघे अजिबात दुखले नाहीत, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पिचरने पहिलाच बॉल टाकला. माझ्याकडेच आला. अगदी माझ्याकडे. डाव्या कोपरावर बसला. नियमाने बेस फुकट. मी पहिल्या बेसवर धावत गेलो. चालत गेलो तरी चालतं, पण मी धावलो. तिथून मैदान बघितलं. हिरवं. इतकं हिरवं आमच्याकडे रंगातसुद्धा मिळत नाही. पुढचा बॅटर आऊट, डाव संपला. पहिल्या बेसवर होतो साधारण दोन मिनिटं.

मग त्यांची पाळी. दोघे आऊट, एक जण तिसऱ्या बेसवर. तो माझ्यापर्यंत, होम प्लेटला, आला की मॅच त्यांची. आमचा पिचर प्रुइट, चौदा वर्षं खेळून मुरलेला. मी दोन बोटं दाखवली. कर्व्ह. अगदी बरोबर निर्णय, आजही तेच मागीन. प्रुइटने मान डोलावली आणि हळू बॉल टाकला. मी कर्व्हसाठी उजवीकडे झुकलो होतो. बॉल डावीकडून माझ्या ग्लोव्हला घासून मागे गेला. मी मागे वळलो. बॉल भिंतीपर्यंत घरंगळत होता, सावकाश, घाई नसल्यासारखा. मी धावलो. पोचलो तेव्हा मागे लोक नाचत होते.

आत आल्यावर प्रुइट रागावला नाही. शांतपणे म्हणाला, काय मागितलं होतंस? म्हटलं, दोन. तो म्हणाला, मला तीन दिसली.

माझ्या उजव्या हाताची अनामिका सात वर्षांपूर्वी मोडली, तेव्हापासून पूर्ण मिटत नाही. टोपीकात सगळ्या पिचरना माहीत आहे. चेलो तर ते बोट धरतच नाही हिशेबात. इथे सांगायचं राहिलं. आठ दिवसांत कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बोट वाकडं आहे म्हणून आपणहून कोण सांगतं?

चूक कागदावर माझ्या नावाने लागली. वादाचा मुद्दा आहे.

२८ जुलै, सकाळी ९.
हॅनलननी बोलावलं. लूमिसचं पुरळ वाळलंय म्हणे. मला परत टोपीकाला जायचंय. तात्पुरतं. त्यांनी ‘तात्पुरतं’ असा शब्द वापरला नाही, पण सूर तसाच होता. हात मिळवताना त्यांनी माझं बोट बघितलं. बराच वेळ. म्हणाले, अरे देवा. मग म्हणाले, गुड लक, हॉज. शेवटी नाव बरोबर घेतलं.

६ ऑगस्ट. टोपीका.
पेपरात सगळ्या खेळाडूंचा तक्ता आला. लूमिसच्या वर माझं नाव, कारण इंग्रजीत ‘एच’ ‘एल’च्या आधी येतो. मॅच: १. संधी: ०. कारण अंगावर बॉल बसला तर ती संधी धरत नाहीत. हिट: ०. सरासरीच्या रकान्यात आकडाच नाही, नुसती आडवी रेघ.

चेलो तक्ता बघत बसला होता. मी त्याला समजावलं. माझी सरासरी शून्य नाही. शून्य त्यांची, जे मारायला गेले आणि चुकले. मी मेजर लीगमध्ये एकदाही आऊट झालेलो नाही. असं म्हणू शकणारे जगात किती असतील? चेलो म्हणाला, तू म्हणतोस ते खरं आहे भाऊ, आणि त्याने त्याची भाकरी मला दिली.

१४ सप्टेंबर.
लूमिस वरच आहे. तीनशे दोनची सरासरी. टीव्हीवर मुलाखत झाली. म्हणाला, मला सगळं टोपीकातल्या एका म्हाताऱ्या डॉमिनिकन माणसाने शिकवलं. नाव नाही घेतलं. वेळ कमी असतो टीव्हीवर.

म्हातारा कोण?

२ नोव्हेंबर. सान पेद्रो.
घरी. विमानतळावर ओनेलिया, सासूबाई, मेहुणा रादामेस, अर्धा नाका. आता सगळे मला ‘मेजर’ म्हणतात. तोन्योने सगळ्यांसमोर विचारलं, मेजर, तिथे काय काय केलंस ते सांग! मी सांगितलं. आऊट झालो नाही हे तीनदा सांगितलं. भिंतीचं सांगितलं नाही, त्यांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

ओनेलियाने नंतर न्हाऊ घालताना कोपरावरची खूण बघितली. अजून काळसर आहे. बोट फिरवत म्हणाली, एवढंच आणलंस तिथून? मी म्हटलं, सुरुवात आहे. तिने पाणी ओतलं डोक्यावर.

२१ मार्च १९८७. फ्लोरिडा.
टीमने सोडलं. कॅम्पच्या दारातच. क्राउस स्वतः बाहेर आले हे विशेष. म्हणाले, हॉज, तू फार चांगला शिक्षक आहेस. मी म्हटलं, मी कॅचर आहे. ते म्हणाले, दोन्ही असू शकतं. मग कुंपणाकडे बघत राहिले.

बरंच झालं. आता मी कुणाशीही बोलू शकतो. दुपारभर फोनजवळ बसलो. बाकीच्या पंचवीस टीम आहेत. सोळांना निरोप ठेवला.

२९ मार्च.
निरोप सगळ्यांना मिळालेत. एका टीमने उलट फोन केला. त्यांना लूमिसबद्दल विचारायचं होतं.

५ एप्रिल. सान पेद्रो.
शिबिरवाला अमेरिकन घरी येऊन गेला. ओनेलियाने बोलावलेलं. कॉफी दिली, खुर्च्या सलूनमधल्या. माणूस नम्र होता. म्हणाला, मिस्टर हॉज, तुमच्या हाताखालून गेलेला पोरगा आता मेजर लीगमध्ये पहिला कॅचर आहे, आम्हाला असाच माणूस हवा. मी म्हटलं, मला मेक्सिकोतून बोलावणं आहे. ते खरं होतं. म्हणजे बोलावणं यायचं होतं, पण येणार हे नक्की होतं.

तो गेल्यावर ओनेलिया कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, एल्पिडिओ, आपलं लग्न होऊन बारा वर्षं झाली, त्यातली माझ्या वाट्याला किती आली सांग. मी मोजायला लागलो. ती म्हणाली, मोजू नकोस रे, मी केलंय ते.

११ मे. मेक्सिको, उत्तर.
बोलावणं आलंच. लीग इथली, पण दर्जा मोठा. बस अठरा तास. मॅनेजरला सांगितलं, मी मेजर लीगमध्ये कधी आऊट झालेलो नाही. तो फार प्रभावित झाला. मग त्याने खेळाडूंच्या आकड्यांचं पुस्तक काढून बघितलं.

३० जुलै १९८८. मेक्सिको.
वर्षभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं बरंच होतं, म्हणूनच.

उजवा गुडघा सुजलाय. डॉक्टर म्हणाला, आत काही उरलेलं नाही. मी म्हटलं, म्हणजे बिघडण्यासारखंही काही उरलेलं नाही. तो म्हणाला, असंही म्हणता येईल, पण मी म्हणणार नाही.

उकिडवं बसल्यावर उठायला अंपायरचा हात लागतो. सगळे अंपायर ओळखीचे झालेत.

१९ जून १९८९. मेक्सिको.
सोडलं. इथे दारापर्यंत कोणी आलं नाही.

२२ जून. सान पेद्रो.
घरी न कळवता आलो. ओनेलिया एका बाईचे केस रंगवत होती. मी म्हटलं, गुडघ्यासाठी पंधरा दिवसांची सुट्टी घेतलीये. ती बाई म्हणाली, अगबाई, मेजर! ओनेलियाने ब्रश ठेवला, हातमोजे काढले, माझी बॅग आत नेली. बाहेर येऊन परत हातमोजे घातले. 

संध्याकाळी सहज शिबिराकडे चक्कर मारली. त्यांची ती जागा बिएनवेनिदोला दिली. हिवाळी टीममधला दुसरा कॅचर. त्याला अडवायला मीच शिकवलं होतं. त्याने मला बघून ओरडून पोरांना थांबवलं आणि म्हणाला, बघा रे, हे मेजर लीगमध्ये खेळलेत. एकाने विचारलं, किती मॅच? बिएनवेनिदो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, उशीर होतोय, घरी वाट बघताहेत.

१० ऑक्टोबर.
हिवाळी टीमच्या चाचणीला गेलो. पाच बॉल पकडले, सहाव्याला उठता आलं नाही. त्यांनी विचारलं, पिचर गरम करायला कोणी असतो तसं याल का, उभ्यानेच? विचार करतो म्हटलं. विचार केला. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा माणूस मिळाला होता.

१२ नोव्हेंबर.
रादामेस जेवायला होता. तो बर्फाच्या कारखान्यात आहे. त्यांची सॉफ्टबॉलची टीम दर रविवारी खेळते. म्हणाला, माणसं कमी पडतात, येतोस का? मी म्हटलं, मेजर लीगचा कॅचर, आणि सॉफ्टबॉल? तो म्हणाला, अरे बाबा, बॉल मोठा असतो, सुटायचा नाही. सासूबाई हसल्या. ओनेलियाने भावाच्या पानात भात वाढला, खूप जास्त, आणि म्हणाली, खा आणि गप्प बस.

येतो म्हटलं. त्यांना थोडी शिस्त लागेल.

१९ नोव्हेंबर १९८९, रविवार, दुपारी ४.
सगळं सामान नेलं. मास्क, छातीचं, पायांचं. आठ वाजता पोचलो, मॅच नऊची.

ओनेलिया आली. मला खेळताना तिने कधी बघितलं नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही. अमेरिकेचा व्हिसा नाही, मेक्सिको लांब, इथल्या हिवाळी मॅचच्या वेळी सलूनमध्ये गर्दी. आज सलून बंद ठेवून आली. निळा ड्रेस. बाकावरच बसली, आमच्यात.

कॅप्टन चिचो, ट्रक चालवतो. म्हणाला, मेजर, आमचं भाग्य! कुठे खेळणार? मी म्हटलं, कॅचर.  चिचो मान खाजवत म्हणाला, असं आहे बघा मेजर, कॅचर डॉन वेन्सेस्लाओ आहेत.

डॉन हे आदराचं, वेन्सेस्लाओ कारखान्याचे स्टोअरकीपर. वय अठ्ठावन्न. चष्मा इलास्टिकने डोक्याला बांधलेला. बावीस वर्षं तेच कॅचर. चिचो हळूच म्हणाला, त्यांना कसं काढणार हो, त्यांची बायको गेल्यापासून रविवार म्हणजे हेच आहे त्यांना. डाव्या फील्डला जाता का? मी म्हटलं, धावता येत नाही. मग तो म्हणाला, राखीव तर राखीव!

बसलो. डॉन वेन्सेस्लाओ सगळ्याच बॉलला तीन बोटं दाखवतात. पिचर बघतही नाही.

सहाव्या डावात बॉल त्यांच्या हातावर बसला. ते खालीच बसले. चिचोने माझ्याकडे बघितलं. मी आधीच उठलो होतो. पायाचे पट्टे, छातीचं, मास्क. ओनेलियाने मागचं बक्कल लावून दिलं. मी मैदानात निघालो. लोक टाळ्या वाजवायला लागले, कोणीतरी शिट्टी मारली, रादामेस ओरडला, मेजर! गुडघा धरला होता, पण चाललो सरळ. होम प्लेटपर्यंत पोचलो. उकिडवा बसणार, तेवढ्यात डॉन वेन्सेस्लाओंनी हात झटकला, रुमाल गुंडाळला आणि म्हणाले, राहू दे रे पोरा, झिणझिण्या होत्या, गेल्या.

त्यांनी चष्मा पुसला, मास्क ओढला आणि माझ्या जागी बसले. म्हणजे त्यांच्या.

परत आलो. टाळ्या वाजवणाऱ्यांना थांबायचं कधी ते कळेना, काही जण वाजवतच राहिले. ओनेलियाने बाकावर सरकून जागा केली. मला वाकता येत नव्हतं, म्हणून ती खाली बसली, मातीतच, निळ्या ड्रेसवर, आणि माझ्या पायाचे पट्टे सोडायला लागली. मी तिला म्हटलं, अठ्ठावन्न वय आहे त्यांचं, हात उद्या सुजणार, पुढच्या रविवारी मीच असणार, तू बघशील.

ती म्हणाली, दुसरा पाय पुढे कर.